लाल कोटवाल्यांची पिवळी कॅसेट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत मधली सुट्टी चालू होती. पलीकडून आधी ऐकू आलं ते क्लॅरिनेट. लाल कोटवाल्यांची पिवळी कॅसेट, दुसरी बाजू, पाठवणीची धून... झोपेतून उठवून विचारलंत तरी ओळखेन. मला वाटलं, दादाला रविवारचं भांडण पुरलेलं नाही आणि त्यानेच वहिनीला फोन लावायला सांगितलंय. डब्याचं झाकण लावत मी म्हटलंसुद्धा, "सांग त्याला, संध्याकाळी बोलते. शाळेत आहे मी." वहिनी म्हणाली, "बेबी, तू ये. तुना दादा उठी नही राहिना."

उधन्याहून कोसाड म्हणजे सुरतेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. दादाला खुर्चीतून उचलून चटईवर ठेवलं होतं, आणि खुर्चीशेजारच्या लाकडी स्पीकरातून गाणी अजून वाजतच होती. वैशालीने, त्याच्या मुलीने, बंद करायला हात पुढे केला तर वहिनीने तो धरला. "राहू दे. तो आयकी राहिना." तो ऐकतोय, असं तिचं म्हणणं. मग बटणाला कुणी हात लावला नाही. शेवटी पलसाण्याहून, डाइंगमधली, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातली पाळी अर्धी टाकून रोहिदास आबा आले. दादाचा जन्माचा मित्र आणि जन्माचा विरोधक. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि हलकेच बटण फिरवलं. त्या शांततेत मी पहिल्यांदा रडले.

लाल कोटवाले कोण, हे आमच्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या खानदेशात लग्न लक्षात राहतं ते बँडवरून. जेवण कसं होतं, नवरी कशी होती, हे लोक विसरतील, पण बँड कुठला होता ते नातवंडांना सांगतील. बँडची नावं मोठमोठी, कुणाच्या ध्यानात राहत नसत. मग कोटाच्या रंगावरून पक्ष पडले. दादा लाल कोटवाल्यांचा, आबा निळ्या कोटवाल्यांचे. पुढे या बँडवाल्यांनी आपल्या धुनींच्या कॅसेटी काढल्या आणि माणसं सुरतेला संच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर कामाला आली ती पिशवीत या कॅसेटी घालून. अल्बम हा शब्द नंतरचा. आमच्याकडे कॅसेट ओळखायची ती कव्हरवरून. लाल कोटवाल्यांची पहिली ती पिवळी, दुसरी ती घोडावाली. माझी लाडकी एका बाईने गायलेली हळदीच्या गाण्यांची. कव्हरवर ती बाई हिरवी साडी नेसून उभी, म्हणून हिरव्या साडीची.

दादाचं नाव हिलाल. त्या नावाने त्याला फक्त खात्यातला शेठ हाक मारायचा. संचे जिथे चालतात त्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. दादाचं सारं तरुणपण उधन्याच्या एका खात्यात गेलं, आणि आई-वडिलांमागे मला शिकवलं ते त्यानेच. हे मी कधी उपकार म्हणून बोलून दाखवलेलं त्याला चालायचं नाही. "तू शिकनी म्हनून तुले गाण्यातलं समजस असं नही," एवढंच म्हणायचा.

रविवारी त्याच्या ओट्यावर दरबार भरे. दादा, आबा, मी, आणि येतील ते शेजारी. वहिनी एकीकडे साड्यांना खडे चिकटवत बसलेली. आधी चणाडाळीचा वाफाळता लोचो यायचा, मग चहा, मग भांडण. आबांचं म्हणणं, लाल कोटवाले उगाच डोक्यावर घेतलेले. "कोट भारी, वाजवनं हलकं." दादा उसळायचा. निळ्यांकडे ढोलाशिवाय आहे काय, ढोल तर म्हशीच्या मिरवणुकीतही वाजतो! मी म्हणायचे, दोघांचेही बँड भाड्याचे, खरं गाणं गळ्यातलं, हिरव्या साडीचं. मग दोघे एक होऊन माझ्यावर यायचे. वैशाली आतून गुजरातीत ओरडायची, "पप्पा, हवे बस करो ने!" पण बस कोण करतो? निकाल शेवटी दादाच द्यायचा, आणि तो कायम स्वतःच्याच बाजूने असायचा. त्या ओट्यावर त्याचा तेवढाच एक रुबाब होता. खात्यात त्याचं कुणी ऐकत नसे, घरात वहिनी ऐकवत असे. गाण्यावर मात्र हिलालचा शब्द शेवटचा.

पिवळ्या कॅसेटीवर त्याचा एवढा जीव का, हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नात त्याने हट्टाने लाल कोटवाले ठरवले होते. नवऱ्याकडच्यांनी आणले निळे. गावाच्या वेशीवर दोन्ही बँड समोरासमोर आले आणि कुणी थांबायला तयार होईना. मुहूर्त टळायची वेळ आली, भटजी घाम पुसत उभे, आणि माझा हा भाऊ बहिणीचं लग्न सोडून बँडच्या गराड्यात हातवारे करतोय! मी अजून त्याला त्यावरून बोलायचे. पण संध्याकाळी मी निघाले तेव्हा लाल कोटवाल्यांच्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याने पाठवणीची धून धरली. मी रडले नाही, मला नवीन साडीची काळजी होती. दादा रडला. वेशीच्या दगडाला टेकून, लहान पोरासारखा. नंतर विचारलं तर म्हणाला, "त्या क्लॅरिनेटमुळे." तीच धून पुढे पिवळ्या कॅसेटीत आली. म्हणून तो बँड वाईट म्हणायचा हक्क मला होता, असं मी मानत आले. भावाला चिडवायचा हक्क बहिणीला नाही तर कुणाला?

आता जे सांगायचं आहे ते संचेवाल्यांच्या घरातच घडू शकतं. खात्यात एवढा आवाज असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. ही सवय घरीही येते. आमच्याकडे जेवताना दोन बोटं उचलली की भाकरी आणि तळहात आडवा केला की पुरे. वहिनी स्वयंपाकघरातून नुसते ओठ हलवायची आणि दादा ओट्यावरून मान डोलवायचा. त्यामुळे दादाचे कान कधी गेले, कसे गेले, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या घरात माणूस "काय? काय?" करायला लागला असता. आमच्याकडे त्याला विचारावंच लागलं नाही. तो आमच्या तोंडाकडे बघायचा आणि उत्तर द्यायचा, जसा कायम देत आला होता. एवढंच दिसायचं की नव्या कॅसेटी, मग नवे मोबाइलवरचे अल्बम, सगळे त्याला भिकार वाटायला लागले. "ह्यामां काही दम नही," म्हणायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला, जुन्यातच अडकला. गाणं ऐकताना तो स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून बसायचा. तीही आम्हाला त्याची ऐट वाटली.

दोनेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी पिवळी कॅसेट लागली होती. म्हणजे कॅसेट कसली, वैशालीने ती मोबाइलवर उतरवून वायरीने त्या जुन्या स्पीकरला जोडून दिली होती. वाद नेहमीचा, आबा निळ्यांचा ढोल वाखाणत होते आणि दादा जोरात प्रत्युत्तर देत होता, एक हात जाळीवर, एक गुडघ्यावर ताल धरून. मध्येच मोबाइलची बॅटरी संपली. गाणं तुटलं. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. दादाने नाही. त्याचा हात जाळीवरून बोलता बोलता केव्हाच सुटला होता, पण गुडघ्यावरची बोटं तालात चालूच होती. मग त्याने डोळे मिटले, क्लॅरिनेट येण्याच्या जागी नेहमी उचलायचा तसं बोट उचललं आणि म्हणाला, "आते आयक. आते क्लॅरिनेट उनं..."

बाहेर कुठेतरी स्कूटर सुरू होत होती. त्याखेरीज काहीसुद्धा वाजत नव्हतं.

वहिनीच्या हातातला खडा खाली पडला. मी तोंड उघडलं, काय बोलणार होते मला माहीत नाही. आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. दादा डोळे उघडेल याची त्यांनी वाट पाहिली, आणि त्याने उघडल्यावर, तोंड बरोबर त्याच्यासमोर धरून, म्हणाले, "काय क्लॅरिनेट! सर्दी झाल्यासारखं वाजस." दादा खवळला. भांडण चालू राहिलं. वहिनी उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी आबा मिशी काढून आले. त्यांची मिशी म्हणजे पलसाण्यात प्रसिद्ध. दोन्ही बाजूंनी ओठांवर उतरलेली, घास घेताना बोटांनी सारावी लागणारी. लग्नात बायकोच्या माहेरच्यांनी हट्ट केला तरी कापली नव्हती. ती साफ! दादा पोट धरून हसला. "आबा, आरशात पाह्यं का? सोललेला कांदा दिसस!" आबा म्हणाले, कामावर रंगाच्या वाफेने खाज येते. सगळे हसले. मी हसता हसता थांबले, कारण मला कळलं. त्या मिशीखाली ओठ दिसत नव्हते. त्या दिवसापासून आबा दादाच्या शेजारी बसेनात. समोर बसायचे, उजेडाकडे तोंड करून. शेजाऱ्यांनाही त्यांनी कुठेतरी गाठून सांगितलं असावं, कारण सगळेच हळूहळू तसे बसायला लागले. मीही. वाद मात्र कुणी सौम्य केला नाही. उलट आबा जास्तच कडू बोलायला लागले.

डॉक्टरकडे नेलं होतं आम्ही, नाही असं नाही. कानाचं यंत्र आणलं. दादाने एक दिवस लावलं आणि काढून कपाटात टाकलं. त्याला त्यात सगळं खातंच ऐकू यायचं, भांड्यांचं खातं, पंख्याचं खातं. "त्यानापेक्षा मन्हं बरं शे," म्हणाला.

एकदाच, गेल्या राखीला, तो माझ्या घरी असताना बोलला. राखी बांधून झाली होती, मी ताट उचलत होते. त्याने मला समोर बसवलं. "आबानी मिशी काबर काढी, माले समजस. पन तू त्याले सांगू नको." मी विचारलं, मग तू त्याला असा बोलतोस का रे, त्या मिशीवरून, दर रविवारी? तो म्हणाला, नाही बोललो तर त्याला कळेल ना, की मला कळलंय. मग राखीची गाठ सारखी करत म्हणाला, "येतस सगळा. भांडतस. आजून काय पाहिजे..." मी नुसता तळहात आडवा केला. पुरे.

त्याच्याविना जगायचं कसं, असं मोठं काही मी म्हणणार नाही. जगतोच आहोत. पण खोटं कशाला बोलू, मला तो हवाय. कुणाशी भांडू मी आता? नवरा माझा सरळ माणूस, त्याला सगळीच गाणी छान वाटतात. शाळेतून येताना एखाद्या मांडवाबाहेर बँड वाजताना ऐकला की मनात लगेच टोमणा तयार होतो, आणि तो कुठे नेऊन टाकावा हेच कळत नाही.

दिवस-कार्य उरकल्यानंतरच्या रविवारी वहिनीने सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, ओटा ओस पडलेला बघवत नाही. लोचो आला, चहा झाला. दादाची खुर्ची जिथे होती तिथेच होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. वैशालीने न सांगता पिवळी कॅसेट लावली. आबा त्यांच्या समोरच्या जागेवर बसले होते, उजेडाकडे तोंड करून, आणि त्यांच्या ओठावर पांढरे खुंट आले होते. मिशी परत येत होती. मला ते पाहवेना, म्हणून मी उठून खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि स्पीकरवर हात ठेवला. जाळीचं कापड त्या जागी घासून गुळगुळीत झालंय, बरोबर त्याच्या पंजाएवढं. माझा पंजा त्यात लहान पडतो.

हाताला ढोल लागला. दण, दण, दण. मी वाट पाहत राहिले. पाठवणीची धून आली, कानांना क्लॅरिनेट स्वच्छ ऐकू येत होतं, पण हाताला काही नाही. नुसता ढोल. क्लॅरिनेट हाताला लागतच नाही. म्हणजे एवढी वर्षं जिच्यासाठी तो आमच्याशी भांडला, ती धून त्या स्पीकरातून त्याच्यापर्यंत कधी पोचतच नव्हती. तो ती आमच्या गावच्या वेशीवरून ऐकत होता.

मला राहवलं नाही. मी खुर्चीकडे तोंड केलं आणि ओठ नीट उघडत, त्याला कळावं तसं, म्हटलं, "दादा, तुझा बँड काही एवढा नाही."

वहिनीने मान खाली घातली. आणि मग समोरून आबा, जन्मभर निळ्या कोटवाल्यांचे आबा, म्हणाले, "चूप बस, बेबी. तुले काय समजस? असं क्लॅरिनेट परत होनार नही."