उमरखेडची वाट आणि लोहाऱ्यात बदललेला क्लच सिलेंडर

मावशीचं हृदयाचं ऑपरेशन नांदेडला ठरलं, तेव्हा तिनं फोनवर एकच अट घातली. "अक्का आल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवत नाही."

अक्का म्हणजे माझी आई. आम्ही अमरावतीला, मावशी उमरखेडला. तिचा मुलगा पुण्याहून थेट दवाखान्यात पोचणार होता. म्हणून ठरलं असं की मी आईला घेऊन उमरखेड गाठायचं, मुक्काम करायचा आणि सकाळी मावशीला आमच्याच गाडीतून नांदेडला न्यायचं.

हिवाळ्यात या रस्त्यानं जावंच. बडनेरा सोडलं की दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. नेरला स्टँडजवळ आलूबोंडा खाल्ला. वरून झणझणीत तर्री आणि मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. या रस्त्यानं जाणार असाल तर नाश्ता नेरलाच करा, पण मुलांसाठी तर्री वेगळी मागा.

नेरहून निघताना पहिला गिअर जरा कुरकुरत पडला. मी दुर्लक्ष केलं. पुढे क्लचचं पेडल मऊ लागायला लागलं, ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसं. यवतमाळ जवळ आलं आणि एका गतिरोधकापाशी पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी आचका देऊन बंद पडली.

मी ती ढकलत कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. क्लचच्या तेलाची पातळी पार खाली गेली होती. आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लचला तेलाची टाकी एकच आहे, म्हणून आधी ब्रेक दाबून पाहिला. घट्ट होता. जिवात जीव आला. डिकीत ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली होती. तेल ओतलं, पेडल भराभर दाबलं, तेव्हा थोडा जोर परत आला. ही युक्ती जवळच्या गॅरेजपर्यंत हळूहळू जाण्यापुरतीच, हे लक्षात ठेवा.

आई खिडकीतून बघत होती. "मी एसटीनं पुढं जाऊ का? मावशी वाट पाहून राह्यली असन."

"तू पोचशील. पण उद्या मावशीला कशातून नेणार?"

आईनं काच वर केली.

लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, टिनाच्या शेडमधलं एक गॅरेज सापडलं. मालक राठोड भाऊ. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि गिअरबॉक्सला लागून असलेल्या सिलेंडरचं रबर मागे सारलं. आतून तेल टपकलं.

"ताई, वरचा सिलेंडर चांगला हाय. हा खालचा गळून राह्यला."

आपण पेडल दाबतो तेव्हा वरचा सिलेंडर तेल पुढे ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर खालचा सिलेंडर क्लच सोडवतो. तेल गळलं की पायाचा जोर वाटेतच मुरतो.

भाऊंनी सिलेंडर उघडून माझ्या हातात दिला. आतल्या भिंतीवर ओरखडे होते. "नवीन रबरं टाकून देतो, स्वस्तात होईन. पण कधीपर्यंत टिकन, सांगता येत नाही."

"उद्या यातून पेशंट न्यायचा आहे, भाऊ. हृदयाचं ऑपरेशन आहे."

"मंग रबराचं बोलूच नका," म्हणत त्यांनी शहरातल्या दुकानाला फोन लावला.

नवा सिलेंडर यायला दुपार कलली. तो दोन बोल्टांवर बसला, पण खरं काम पुढे होतं. नळीत शिरलेली हवा काढायची होती. भाऊ खड्ड्यात, मी बॉनेटपाशी तेलाची पातळी सांभाळत. त्यांचा कामगार लग्नाला गेलेला. मग पेडल कोण दाबणार? आम्ही दोघांनीही आईकडे पाहिलं.

"मले नाही जमत, बाप्पा! काही मोडलं म्हंजे?" आई आयुष्यात कधी स्टिअरिंगमागे बसली नव्हती.

"काकू, गाडी बंद हाय. पाय तेवढा दाबा. मी म्हणन तवाच उचला."

आई चप्पल काढून बसली. "दाबा... धरून ठेवा!" भाऊंनी खालची, हवा सोडायची निपल सैल केली, तिला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे आले. निपल आवळायच्या आत आईनं पाय उचलला आणि हवा पुन्हा आत गेली.

"फिरून करू, काकू."

पण आईचे डोळे भरले होते. "माह्यामुळंच उशीर होऊन राह्यला. तिकडं तिनं नाही म्हटलं तर? ऑपरेशनच नाही झालं तर?"

ती सकाळपासून हेच मनात धरून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. तिनं पदरानं डोळे पुसले, पाय पुन्हा पेडलवर ठेवला आणि खड्ड्याकडे ओरडून म्हणाली, "भाऊ, आता तुम्ही सोडा म्हणेपर्यंत मी हलत नाही!"

नाही हलली. बुडबुडे संपले, नुसतं तेल येऊ लागलं. "आता लागून राह्यलं काहीतरी पायाले," ती म्हणाली. पेडलला जोर आला होता, हे तिला बसल्या जागी कळलं होतं.

आर्णी, महागाव करत उमरखेडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्ता सुरेख आहे, आणि गिअर लोण्यासारखे पडत होते. मावशीचा चेहरा उतरलेला. "अक्का, मले नाही जायचं," ती म्हणाली. आईनं समजावलं नाही. तिनं गॅरेजची गोष्ट सांगितली, खाटेच्या पट्टीवर पाय दाबून दाखवला. मावशी हसली, मग रडली, मग आईजवळच झोपली. सकाळी आमच्या आधी गाडीत येऊन बसली.

ऑपरेशन नीट झालं. मावशी घरी आल्यावर आम्ही परतलो.

तुमच्यासाठी एवढंच सांगते: पेडल मऊ लागलं तर पुढच्या गावावर ढकलू नका, जवळच्याच गॅरेजात दाखवा. आणि सिलेंडर बदलल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, गळती असेल तर सकाळी दिसते. मीही टाकला, जरा उशिरा, अमरावतीला परतल्या रात्री. सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर आई आधीच गाडीपाशी वाकलेली, फोन कानाला.

"नाही वं, एक थेंबबी नाही," ती मावशीला सांगत होती. "आता तू सांग, आज अंगणात चालली का नाही?"