झिऱ्याचा महादेव आणि माझा नकाशा

मी नकाशा महाराष्ट्राचा उतरवून घेतला आणि गाडी तेलंगणात चालवली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाने हे केलं, हेही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या आदिलाबादेत दुसरं कोणी तरी सांगेलच.

अक्काला नागपूरहून परत आणलं तेव्हाची गोष्ट. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता त्यांच्या मनासारखं करा. तिच्या मनात एकच होतं. लहानपणी मी तापानं गेल्यातच जमा होतो, तेव्हा तिनं नार्नूरकडच्या जंगलातल्या झिऱ्याच्या महादेवाला नवस बोलला होता: पोरगं वाचलं तर स्वतः येईन, तुझ्याच झिऱ्याचं पाणी आणि बेल माझ्या हातानं तुला वाहीन. पोरगं वाचलं, नोकरीला लागलं, पेन्शनीतही निघालं. नवस मात्र कधी पेरणी, कधी कोणाचं बाळंतपण, कधी माझी बदली यात राहूनच गेला. अक्काला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती नवस डोक्यावर घेऊन वर जायची.

माझा देवावरचा विश्वास दवाखान्याच्या बाकावर बसूनबसून पार आटला होता. फोनवरचा मात्र शाबूत होता. उटनूरच्या एका ओळखीच्या माणसानं महादेवाचं ठिकाण फोनवर पाठवलं आणि बजावलं, "पुढं नेट नाही मिळनार, सर." झालं, मी कामाला लागलो. बिननेटचं रस्ता दाखवणारं ॲप निवडण्यात मी जितका जीव ओतला, तितका मुलीसाठी स्थळ निवडताना ओतला नव्हता. एका ॲपमध्ये डोंगरांचे चढउतार दिसत, पण फोन तव्यासारखा तापे. दुसऱ्यातली बाई गुडीहत्नूरचा असा काही उच्चार करी की वाटावं, गाव जपानात आहे. तिसरं मराठीत बोलायचं, गोड आवाजात, "पुढे उजवीकडे वळा." तेच पसंत केलं. त्यानं विचारलं, कोणत्या राज्याचा नकाशा हवा? आमची चौथी पिढी इथं नांदतेय, रेशनकार्ड तेलुगूत आहे. पण मराठीतून कोणी राज्य विचारलं की आमच्या लोकांचं बोट महाराष्ट्रावरच जातं. माझंही गेलं. वर मी नेट बंद करून त्याची परीक्षाही घेतली: पैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात चक्कर मारली. एकही वळण चुकलं नाही. मी खूश.

सकाळीच निघालो. मागच्या सीटवर अक्काला गादी घालून निजवलं. तिच्या उशाशी ओल्या फडक्यात बेल. उटनूरपर्यंतचा रस्ता पाठ होता, फोनकडे पाहिलंही नाही. पुढे जंगलात रेंज गेली आणि मी ऐटीत ॲप उघडलं. नुसता पांढरा पडदा. एका टोकाला आमचा निळा ठिपका, दुसऱ्या टोकाला महादेवाचं लाल निशाण. मधे रस्ता नाही, नाला नाही, गाव नाही. गोड आवाज म्हणाला, "मार्ग उपलब्ध नाही."

"काय म्हनते थे बाई?" अक्कानं विचारलं.

"जवळच आहे म्हणते."

"इचार ना बापू, एखांद्या मानसाले."

"फोन आहे ना, अक्का."

ठिपका निशाणाकडे सरकेल तिकडे गाडी घालायची, असं मी ठरवलं. डांबरी सुटली, मुरूम सुटला, आणि शेवटी बैलगाडीची चाकोरी एका कापसाच्या रानात जाऊन संपली. समोर नाला, पलीकडे टेकडी. मागे गाडी वळवायला जागा नाही. अक्काला कळ आली होती. सकाळपासून पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. आता उमासे येत होते नि बाहेर काही पडत नव्हतं. तिनं सीटची कड मुठीत धरली होती, पण ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी बांधावर जाऊन बसलो. हिला मी मारायला इथं आणलं, याहून दुसरा विचार सुचेना. पोराबाळांत, आपल्या अंथरुणावर जाऊ शकली असती. ती आता कापसाच्या रानात, गाडीत जाणार, आणि नवस तसाच. मी रडलो. देवाकडे काही मागितलंही नाही. एवढंच म्हणालो, माझ्यानं होत नाही. फोन सीटवर फेकून दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा हातात काहीच नव्हतं.

टेकडीच्या अंगानं एक म्हातारी उतरताना दिसली. गोंडीण, डोक्यावर जर्मनची गुंडी, म्हणजे ॲल्युमिनियमचा हंडा. ती आमच्याकडे आली, गाडीत वाकून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. तिची बोली मला येईना, माझी तिला. तेलुगू टाकून पाहिली, तीही चालेना. शेवटी मी नुसतं म्हणालो, "महादेव?"

तिनं टेकडीच्या माथ्याकडे हात केला. मग अक्काकडे पाहून मान हलवली: नाही चढवणार. पायवाटच होती ती. म्हणजे नकाशा बरोबर असता, तरी गाडी इथवरच आली असती. मग तिनं गुंडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "महादेव." झिऱ्याचं पाणी होतं ते. कुठं नेत होती, कोणासाठी, ते मला आजही माहीत नाही.

अक्कानं डोळे उघडले. फडक्यातला बेल पुढे धरला. म्हातारीला सगळं कळलं. नाल्यातून एक गोल गोटा आणून तिनं धुतला आणि गाडीच्या दारापाशी अक्काच्या पायांजवळ मांडला. अक्काला मी धरून बसवलं. तिनं स्वतःच्या हातानं पाणी घातलं, बेल वाहिला, आणि उरलेलं पाणी प्याली. ते पोटात ठरलं. त्यावर मी काही म्हणत नाही. ठरलं, एवढंच सांगतो. म्हातारीनं हातवारे करून कापसाच्या ओळींमधून गाडी वळवायला लावली आणि डांबरीपर्यंत आमच्या पुढं चालत आली. मी हात जोडले, तोवर ती गुंडी सावरत वळलीही होती.

अक्का त्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण शांत गेली. त्या गोंडीण माउलीला माझं नाव माहीत नाही, मला तिचं नाही. रोज दिवा लावताना एक नमस्कार मात्र टेकडीच्या दिशेनं जातो, दिशा चुकत असली तरी. शरणागती म्हणजे काहीतरी मोठं, पोथीतलं, असं मी समजत होतो. माझ्या बाबतीत ती एवढीच निघाली: अडलेल्या जागी, रिकाम्या हातानं बसून राहणं.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. "अक्का, झालं का दर्शन? देवळापावतो गेले का तुमी?" मी गाडीचं मागचं दार उघडलं.

अक्का माझ्या खांद्याला धरून उतरली आणि म्हणाली, "महादेवाले मालूम व्हतं, हे येडं काही पोचत नाही. म्हनून थोच निंगाला."