धुक्यात अडलेले पारणे

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, एकच डोळा उरला होता. दुसरा पुष्कळ वर्षांपूर्वी भातकापणीत भाताच्या काडीचे टोक लागून गेला. तळेघरच्या वरच्या अंगाला आमचे घर आहे. तिथल्या देवळाची पूजा माझ्याकडे असते आणि वैधव्यानंतर अक्का माझ्याजवळच राहते. गेल्या आषाढात तिचा उरलेला डोळाही लाल झाला, दुखू लागला, त्याला उजेड सोसेना. घोडेगावला नेऊन दाखवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, दाह डोळ्याच्या आत आहे; बाहेरची लाली ही केवळ त्याची खूण.

त्यांनी दोन बाटल्या दिल्या. एक डोळ्याची बाहुली मोठी ठेवणारी. दुसरी दाह शमवणारी, दुधासारखी पांढरट, प्रत्येक वेळी हलवून जागेपणी दर दोन तासांनी घालायची. हात धुवावेत, खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा, बाटलीचे तोंड डोळ्याला लागू देऊ नये, दोन औषधांत थोडे अंतर ठेवावे. लाली गेली म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नये, आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने चालूही ठेवू नये. काहींच्या डोळ्यातला दाब या औषधाने वाढतो; तो वेळोवेळी मोजावा लागतो. कमी करायचे तेही पायरीपायरीने, त्या सांगतील तसे. हे ऐकून मला समाधान वाटले. मंत्रपाठ शिकवताना मी जन्मभर हेच सांगत आलो आहे, की क्रम सोडला तर फळही सोडावे लागते.

अक्काने औषध नेमाने घातले. पण श्रावण लागताच तिने डोळ्यासाठी सूर्याचे व्रतही धरले. चक्षूची देवता सूर्य, तेव्हा तिच्या दृष्टीने दोन्ही उपचार एकाच देवाचे होते. रविवारी उठल्यापासून सूर्यदर्शन होईपर्यंत घशाखाली काही उतरू द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही. दर्शन झाले की अर्घ्य, मग पारणे. देशावर हे व्रत सोपे आहे. आमच्याकडे श्रावणात भीमाशंकराच्या बाजूने धुके उतरते, आणि अंगणातली तुळससुद्धा दिसेनाशी होते.

पहिल्या दोन रविवारी ढग सकाळीच फाटले. तिसऱ्या रविवारी मात्र दुपार झाली तरी उजेडाला रंग आला नाही. बाटली होती तिथेच होती.

"अक्का, औषधाची वेळ टळली."

"पारणं झाल्यावर घालीन."

"अगं, डोळ्यात घालायचं आहे, तोंडात नाही."

"डोळ्यातून घशात उतरतं. कडू लागतं मला. घशाखाली गेलं म्हणजे गेलंच की."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. डोळ्यात घातलेले औषध नाकावाटे घशात उतरते. मी म्हणालो, "औषधानं व्रत मोडत नाही. शास्त्रानंच तशी मोकळीक दिली आहे."

"तुझं शास्त्र सवलती फार देतं. संकल्प करताना मी सवलत मागितली नव्हती."

"देव रागावेल असं वाटतं का तुला?"

"रागवायला तो काय तुझ्यासारखा आहे? मी बोलले त्याच्याशी. बोललेलं पाळायचं."

मी अंगणात येऊन उभा राहिलो. शेजारचे एक शेतकरी भातखाचराकडून परतत होते.

"काय गुरुजी, वर काय हुडकताय?"

"सूर्य."

"श्रावणात? दिवाळीला या राव!" मग मी कारण सांगितले तेव्हा ते जरा थांबले. "मोबाइलात दावू का आक्काला? लई झ्याक दिसतो."

आतून अक्काचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आज जेवणही मोबाइलातच कर."

ते हसले, मीही हसलो. त्यानंतर त्या घरात पुष्कळ दिवस कोणी हसले नाही.

सोमवारी पहाटे धुके तसेच होते. अक्का भिंतीकडे तोंड करून, पदर डोळ्यावर ओढून बसली होती. कळ भुवईपर्यंत चढली होती, ओठ कोरडे पडले होते. मी हात जोडून म्हणालो, "तुझ्या वतीनं मी उपाशी राहतो. व्रताला प्रतिनिधी चालतो. तू औषध घाल."

"डोळा तुझा आहे का?" ती म्हणाली.

मी उठलो. देवळात जाऊन आलो, पूजा केली. नैवेद्याचे ताट झाकून ठेवले.

सायंकाळी मावळतीला धुके एका जागी विरळ झाले आणि पांढऱ्या चकतीसारखा सूर्य दिसला. मी तिला हाताला धरून अंगणात आणले.

"कुठे आहे?"

"समोर. झाडाच्या वर."

तिने पदर बाजूला केला. डोळ्यातून पाणी वाहत होते. "उजेड आहे. गोल दिसत नाही. तू सांग, आहे ना?"

"आहे."

"तू म्हणतोस तर आहे." तिने अर्घ्य दिले. मग पाणी प्यायली, मग औषध घातले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही घोडेगावला गेलो. डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिले. बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटली होती. निम्मा दाह शमलेला असताना औषध एकाएकी तुटले आणि तो दुप्पट होऊन उसळला. त्यांनी बाहुली सोडवण्याचे थेंब पुन्हा पुन्हा घातले. थोडी कडा सुटली, बाकीची सुटली नाही. "गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही," त्या मला म्हणाल्या.

औषध घशात कडू लागते हे ऐकल्यावर त्यांनी अक्काचे बोट धरून नाकाजवळच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर ठेवले. "थेंब घातला की डोळा मिटायचा आणि इथे मिनिट-दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचं. औषध घशात जात नाही, डोळ्यातच राहतं. पहिल्या दिवशी दाखवलं होतं, आजी."

"पहिला डोळा गेला तेव्हा सांगितलं होतं, डोळा कधी दाबायचा नाही. मी तेच धरून होते."

"बुबुळ दाबायचं नाही. हा कोपरा." त्यांनी थेंब सोडला. "आता कडू लागतं?"

अक्काने आवंढा गिळून पाहिला. "नाही."

डॉक्टरबाईंनी बाटलीला झाकण लावले.

परतीच्या गाडीत अक्का म्हणाली, "म्हणजे रविवारीही घालता येईल. घशात उतरत नाही तर."

"येईल."

गाडी चढाला लागली. मला विचारल्यावाचून राहवेना. "अक्का, मी दिसतो का?"

"कोणी आहे एवढं दिसतं. चेहरा नाही." मग तिने माझ्या पिशवीकडे हात केला. "दोन तास होत आले असतील. बाटली काढ."

गाडी थांब्यावर उभी राहिली तेव्हा मी पाण्याने हात धुऊन बाटली हलवली. तिने मान मागे टाकली, आणि थेंब पडताच डोळा मिटून, चाचपत, बोट कोपऱ्यावर नेऊन ठेवले.