रुपरावांच्या वावरातली कोवळी ज्वारी

रुपराव बोडखे यांनी नरखेड तालुक्यातल्या आपल्या वावरातली म्हातारी संत्र्याची झाडं उपटली, तेव्हा खालची माती विटेसारखी टणक निघाली. नवी कलमं लावण्याआधी तिच्यात जीव यावा म्हणून त्यांनी बोरू, धैंचा, चवळी, बाजरी आणि ज्वारी असं मिश्र बियाणं फेकलं. फुलावर येण्याआधी हे सगळं खत म्हणून मातीत गाडायचं होतं. गावाला ते नुसतं गवत वाटलं. ज्या वावरात पीक नाही ते पडीत, आणि पडीत वावरात कुणीही ढोरं सोडावीत, असा इथला रिवाज.

"काय गा रुपराव, गवत पेरलं म्हणते तू?" शेजारचे ताराचंद चारचौघांत म्हणाले. "आमी उपटून राहिलो अन् तू पेरून राहिला!"

"पेरलं. तुले काय करायचं?" रुपरावांनी विषय तिथेच तोडला. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर काटेही लावले नाहीत. गवताला कुंपण घातलं म्हणून लोक आणखी हसले असते.

मग पावसाने ओढ दिली. गुडघाभर वाढलेली ज्वारी कोमेजली. अशी ज्वारी ढोरांना विषासारखी बाधते, हे रुपरावांना लहानपणापासून ठाऊक. रोज सकाळी ते वावराला चक्कर मारू लागले. घरी सांगत, मोटर पाहून येतो.

"लाइनच नाही तं मोटर काय पाहता?" बायको सुभद्राबाई विचारत. तोवर ते अंगण ओलांडून गेलेले असत.

एके दिवशी त्यांना निघायला उशीर झाला. पोचले तेव्हा ताराचंदांची गाय धुऱ्याशी आडवी पडली होती. तोंडाला फेस, पाय झाडत होती. जनावरांचे डॉक्टर शेजारच्याच गोठ्यात आले होते, ते धावत आले.

"काय खाल्लं हिनं?"

"गवत. या पडीतातलं," ताराचंद म्हणाले.

डॉक्टर पोटफुगीचं औषध काढू लागले. ते या विषावर चालणार नाही, हे रुपरावांना कळलं. बोललं तर गाय आपल्या माथी येणार. न बोललं तर ती इथंच जाणार.

"ज्वारी खाल्ली तिनं," ते म्हणाले. "कोवळी. मीच पेरली, त्याच्यातच मिसळून हाय."

डॉक्टरांनी हातातली बाटली ठेवली, दुसरी फोडली आणि शिरेत सुई घातली.

ताराचंद रुपरावांकडे पाहत राहिले. "अन् हे तू आता सांगून राहिला?"

गाईचा श्वास भात्यासारखा चालला होता. बऱ्याच वेळाने तिचे कान हलले. ती पुढच्या गुडघ्यांवर आली, कोसळली, पुन्हा उठली. ताराचंदांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसलं. रुपरावांना हायसं वाटायच्या आतच ताराचंद पाठमोरेच म्हणाले, "एकटी नोती आली ती. गावातल्या मधुसूदनची ढोरंबी तिच्या मांगंच चरत होती. आता इथं दिसत नाही."

रुपराव चपलांविनाच गावाकडे पळाले. मधुसूदनच्या दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती.

"ढोरं आली का वं?"

"नाही. नाल्याकडं असतीन. काहून?"

रुपराव दाराशीच उभे राहिले. धाप लागली होती, तरी त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काय पेरलं, कशासाठी, आणि कुणाला का सांगितलं नाही तेही. तिने सूप खाली ठेवलं आणि मधुसूदनला हाक मारली. तो बाहेर येईपर्यंत रुपराव नाल्याच्या वाटेला लागले होते.