सुराला इस्त्री नको

भोसरीच्या एमआयडीसीत गेली सव्वीस वर्षं एक बातमी चहाबरोबर फुकट मिळते. ती अशी, की इम्तियाजनं धर्माजी येळवंडेची बोटं तोडली, आणि तीही गिटारपायी. सांगणारा आधी इकडंतिकडं बघतो, मग बशी खाली ठेवतो. "अहो, दोघं पत्रा दाबायच्या एकाच प्रेसवर. सुट्टीला दोघं एकाच ऑर्केस्ट्रात. लीड वाजवायचा धर्माजी, हा आपला मागं उभा राहून साथ धरायचा. जळणार नाही तर काय! आणि दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. धर्माजीचा डावा हात तर आत होता. मग बटणं दाबली कोणी? भुतानं?" एवढं बोलून तो अशा थाटात बशी उचलतो, की चौकशी समितीचा अध्यक्ष जणू तोच होता.

चौकशी झाली होती, खरंच. इम्तियाजला कंपनीनं घरी बसवलं. धर्माजीची डाव्या हाताची पहिली दोन बोटं गेली होती, त्याला स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. कोणी विचारलं तर तो म्हणे, "मला काही आठवत नाही राव." लोक म्हणत, काय दिलदार माणूस, दोस्ताचं नाव घेत नाही! पुढं कंपनीला त्या तुटक्या बोटांचा चांगला उपयोग सापडला. दर वर्षी नव्या कामगारांपुढं धर्माजीला उभं करायचे, हात वर करून दाखवायला लावायचे आणि शेवटी सुपरवायझर म्हणायचा, "जोडीदारावर आंधळा भरवसा टाकू नका." धर्माजी तेव्हा आपल्या बुटांकडं बघत उभा राही. निवृत्तीला त्याला सुरक्षेची ढाल मिळाली. महाळुंग्याच्या घरात ती काचेच्या कपाटात आहे, आणि सारजाबाई ती रोज पुसते.

ही सारजाबाई म्हणजे धर्माजीची बायको. अपघातानंतर तीन महिन्यांनी इम्तियाज भेटायला आला, तर तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. तो गोठ्यामागं जाऊन थांबला. धर्माजी वैरण टाकायला आला तसा त्यानं त्याच्या हातात एक पोलादी नळी ठेवली. ट्रॅक्टरच्या पिस्टनमधली पोकळ पिन. गॅरेजवाले तिला गजनपिन म्हणतात. इम्तियाजनं तोवर देहूरोडला गॅरेज टाकलं होतं.

"ही तिसऱ्या बोटात घाल आणि तारेवरून सरकव," तो म्हणाला. "दोन बोटं गेली म्हणून बाकीच्यांनी काय कायमची सुट्टी घ्यायची?"

"हे काय नवीन?"

"ब्लूज. एक फौजी साहेब जीप विकून गेला, तिच्यात कॅसेटी राहिल्या होत्या. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच प्रकरण आहे रे. दुखतं ते गाऊन टाकायचं, हात चालूच ठेवायचे."

तेव्हापासून दर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, गॅरेजात दोघांचं वाजवणं सुरू झालं. सारजाबाई एकदा लांबूनच ऐकून आली. "गानं हाय का म्हशीला कळा सुटल्यात?" साठी उलटल्यावर गावकऱ्यांनीही टोकलं, "धर्माजी, आता टाळ घ्या हातात." धर्माजी म्हणाला, "टाळाला तुमी हाय की. समद्यांनीच देवाचं डोकं उठवायचं का?"

आणि यंदा दोघा म्हाताऱ्यांनी अल्बम काढायला घेतला. नऊ गाणी, नाव 'गुरुवारची सुट्टी'. धर्माजीच्या चुलतभावाची तेजल तळवड्याला आयटीत आहे. तिनं फ्लॅटच्या एका खोलीला भिंतभर गाद्या लावून स्टुडिओ केलाय. पहिल्याच दिवशी तिनं स्क्रीनवर एक वाकडी रेघ दाखवली.

"काका, इथं सूर खाली राहिलाय. एका क्लिकमध्ये सरळ करते."

"शर्टाला इस्त्री कर. सुराला नको. तो घसरतोय ना, तिथं माझी बोटं होती."

"आणि माझी खरखरही राहू दे," इम्तियाज म्हणाला. "चाळीस वर्षं ऑइलात भिजलेला हात आहे. गुलाबपाणी कुठनं आणू?"

शेवटच्या दिवशी एका गाण्यात टाळ्या हव्या होत्या. तेजल सारजाबाईला घेऊन आली. बाई आल्या, पण इम्तियाजकडं पाठ करून बसल्या. तेजलनं जाहिरातीचा मजकूर वाचून दाखवला, "मित्रानं बोटं तोडली, तरी सूर तुटला नाही! कसं वाटतं? एका दिवसात व्हायरल होईल."

"झ्याक," सारजाबाई म्हणाल्या. "खरं हाय तेच लिव्हलंय पोरीनं."

"राहू दे," इम्तियाज तार लावत म्हणाला. "इतकी वर्षं लोकांनी फुकट वाटलं, आता अल्बम तरी खपेल." तो हसला, पण धर्माजीकडं न बघता.

धर्माजीच्या मनात आलं, टपरीवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. हे फोनवर राहणार. इम्तियाजची नात शिफा शाळेत जाते, उद्या तीही वाचणार. आणि तोंड उघडलं, तर ढाल गेली, दिलदार म्हणून मिळालेलं नाव गेलं, सारजेच्या नजरेतला बिचारा नवराही गेला.

"तेजल, खोड ते."

"पण काका, स्टोरी हीच तर..."

"स्टोरी मी सांगतो. माइक चालू कर. मधे थांबवलंस तर गिटार डोक्यात घालीन."

इम्तियाज उठलाच. "धर्मा, कशाला उकरतोस? ढाल काढून नेतील तुझी."

"नेऊ दे. न्हाई नेली तर तुझ्या भंगारात टाक."

"वहिनींच्या समोर?"

"तिच्याच समोर! सव्वीस वर्सं मान खाली घालून वाजवलं. आता वर करून वाजवणार. ज्याला हसायचं त्यानं हसावं, ज्याला थुंकायचं त्यानं थुंकावं."

त्यानं पिन तारेवरून वरपासून खालपर्यंत ओढली आणि गाण्याच्या भानगडीत न पडता सरळ बोलला. दीड मिनिट. तेजलचा हात माउसवरच राहिला. तेच बोलणं अल्बममध्ये पहिलं आहे, जसंच्या तसं, मधल्या खोकल्यासकट.

सारजाबाईंनी खुर्ची फिरवली. आधी नवऱ्याकडं असं पाहिलं की तो भिंतीच्या गादीला टेकला. "तुमच्याशी घरी बोलते," त्या म्हणाल्या. मग इम्तियाजकडं वळल्या. "अन् तुमी? येवढी वर्सं तोंड शिवून बसला व्हता व्हय?"

"वहिनी, तुम्ही दार उघडलंत कुठं!"

त्या दिवशी कारखान्यात घडलं ते एवढंच. टार्गेट लवकर उरकावं म्हणून धर्माजीनं डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. त्यामुळं प्रेस एका हातानं चालत होती. डावा हात आत असताना उजवं बटण त्यानंच दाबलं. इम्तियाज पलीकडं पत्रे उचलत होता. धर्माजीची नोकरी जाऊ नये म्हणून, सुपरवायझर यायच्या आत, इम्तियाजनं ती पाचर काढून आपल्या खिशात घातली.