धोंड्यात गेलेली रील

जिजाजींचा सूड घ्यायचा, हे मी अनारशांच्या ताटासमोर बसूनच पक्कं केलं होतं. अधिक महिना होता. ताई आणि जिजाजी नागपूरहून मदन महलच्या आमच्या घरी धोंडे खायला आले होते. आई-बाबांनी जावयाचे पाय धुतले, आईनं ओवाळलं, अनारशांवर दिवा ठेवून ताट पुढे केलं आणि विचारलं, "बोला जावईबापू, काय पाहिजे?" हा प्रश्न विचारायचा असतो म्हणून विचारतात. जावयानंही "तुमचा आशीर्वाद पुरे" म्हणून अनारसा तोंडात टाकायचा असतो. आमचे जिजाजी घसा खाकरून म्हणाले, "ते मासे पकडायची मशीन आहे ना याची, ते द्या."

मशीन! नावही माहीत नव्हतं त्या माणसाला.

मला वाटलं, बाबा हसण्यावारी नेतील. बाबा म्हणाले, "देऊन टाक रे. धोंड्याला आलेल्या जावयाले नाही म्हणत नाहीत." आईनं माझ्यावर डोळे वटारले. मी उठलो, आतून माझी रील, म्हणजे गळाच्या काठीला लावायची दोरीची चरखी, आणली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. ताई मान खाली घालून पुरणाचा धोंडा खात होती.

ती रील मी कशी निवडली होती, हे कोणाला सांगून कळणार नाही, तरी सांगतो. बरगी धरणाच्या फुगवट्यात मरळ मासळी बसते ती बुडालेल्या झाडांच्या बुंध्याशी, किनाऱ्यावरून पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांच्या खाली, सावलीत. तिथे वरून गळ टाकता येत नाही, फांदी आडवी येते. लहानपणी आपण चपट्या दगडानं पाण्यावर भाकऱ्या काढतो, तसा गळ लावलेला रबराचा बेडूक पाण्याला घासत, टप्पे खात फांदीखाली घालावा लागतो. आणि झाडांच्या मधल्या बिळाएवढ्या जागेत टाकायचा तर झोका देऊन, आवाज न करता, अलगद सोडावा लागतो. दोन्ही कामं एकाच रीलवर करायची म्हणजे निवडताना डोकं खाजवावं लागतं. मासा लागल्याबरोबर बुंध्यात शिरतो, म्हणून एका फेऱ्यात भरपूर दोरी ओढणारी रील हवी. जिच्यावर दोरी गुंडाळतात ती फिरकी उथळ आणि हलकी हवी, नाहीतर बेडकाच्या वजनानं ती हलतच नाही. हँडल डावीकडे हवं, म्हणजे उजव्या हातानं फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. मरळ तेवढी वाट पाहत नाही.

आणि एवढं करून रील नुसती घेतली म्हणजे झाली असं नाही, ती बसवावी लागते. विणलेली दोरी गुळगुळीत फिरकीवर घसरते, म्हणून खाली आधी थोडा नायलॉन गुंडाळायचा. बाजूची कळ अशी पिळायची की बटण दाबल्यावर बेडूक सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकला की फिरकी थांबावी. आतले ब्रेकचे गुटके किती लावायचे, ते आपल्या अंगठ्यावर. बेडूक प्रत्येक टप्प्याला हळू होतो, फिरकीला ते कळत नाही, ती आपली पळत राहते. तिला अंगठ्यानं दाबली नाही तर दोरीचा असा गुंता होतो की सुगरणीचं घरटं बरं. माझा अंगठा तिला सरावला होता. ती रील जावयाच्या ओंजळीत गेली, तेव्हा माझा अंगठाच कोणी मागून नेला असं मला वाटलं.

वाण परत मागता येत नाही. पण ज्याला मिळालं, त्यानं आपण होऊन परत केलं तर कोण काय म्हणणार? माझा बेत सरळ होता. जिजाजींना बरगीला न्यायचं, त्यांच्या हातून त्या रीलचा सत्यानाश होऊ द्यायचा, आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी कंटाळून "आपल्याच्यानं नाही होत, तूच ठेव" म्हणावं. सोबत थोडी फजिती झाली तर मला ती चालणार होती. खरं तर मला ती हवीच होती.

थंडीत ते आले तेव्हा मी गोड आवाजात म्हटलं, "जिजाजी, बरगीले चला ना. रीलही आणा." जिजाजी खूश. ताई म्हणाली, "मी पण येते." मी म्हटलं, ये. बायकोसमोर फजिती म्हणजे दुधात साखर.

सकाळी काठावर मी प्रेमानं म्हणालो, "द्या जिजाजी, सेट करून देतो." बाजूचं झाकण उघडलं, सगळे गुटके आत ढकलून ब्रेक काढून टाकला, कळ पार सैल केली. "एकदम मोकळी करून दिली, पहा. लांब जाते."

"अच्छा! मस्त!" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहून मला आतून गुदगुल्या झाल्या.

आम्ही नावेत बसलो आणि ती एका जांभळाच्या ओणवलेल्या फांदीपाशी लावली. जिजाजींनी जोर लावून फेकलं. बेडूक पायाशी पडला आणि फिरकी भणाणत सुटली. दोरीचा असा गोळा झाला की रील दिसेना. त्यांनी सोडवला, पुन्हा फेकलं, पुन्हा गोळा. मी माझ्या जुन्या, खडखडणाऱ्या चरखीवरून त्याच फांदीखाली बेडूक सरकवला आणि मरळ काढली. मग दुसरी. प्रत्येक वेळी मी "अरेरे, जिजाजी, तुमचं काहून अडकून राहिलं?" असं विचारायला विसरलो नाही. त्यांचे कान लाल झाले होते. दुपारपर्यंत ते नखांनी दोरी उकलत होते आणि मी इतका सुखात होतो की डब्यातल्या थंड पोळ्याही मला गोड लागल्या.

शेवटी त्यांनी रॉड खाली ठेवला. "चलो, आपल्याच्यानं होत नाही हे."

आता पुढचं वाक्य. मी हात पुढे करायच्या तयारीत बसलो होतो. जिजाजींनी रॉड उचलला आणि ताईकडे दिला. "घे बाई. तूच सांभाळ तुझी."

ताईनं केसातली पिन काढली, गोळ्यातला एक एक पदर सैल केला, दोरी मोकळी केली. मग बाजूचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ब्रेक काढले तू?"

मी पाण्याकडे पाहिलं. तिनं नखानं गुटके बाहेर ओढले, कळ पिळली, बेडूक सोडून पाहिला, पुन्हा थोडी पिळली. घाई नाही, शंका नाही, अगदी माझ्यासारखं.

"तुले कोणी शिकवलं?"

"कोण शिकवते? मोबाईलवर पाहिलं. घरी पलंगाखाली बेडूक सरकवून राहते मी, हे ऑफिसला गेले की." तिनं जिजाजींकडे बोट दाखवलं. "ह्यायले मीच सांगतलं होतं, रील मागा म्हणून. मी मागतली असती तर बाबा म्हणाले असते, तुले काय करायची? जावयाले नाही म्हणता येत नाही."

जिजाजी ओशाळं हसले. "मले तर तिचं नावही माहीत नव्हतं रे."

माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना, म्हणून मी तो तिच्यावरच काढला. "मग तशीच दुसरी मागवायची होती ना! मी आणून दिली असती. माझीच काहून?"

ताईनं मनगट खाली झुकवून, पाण्याला समांतर फेकलं. बेडूक टप्पे खात जांभळाखालच्या अंधारात गेला. तिचा अंगठा फिरकीवर होता.

"बाबा दर इतवारी तुले मासे धरायले सायकलवर बसवून न्यायचे," ती बेडकावरची नजर न हलवता म्हणाली. "मी दारापर्यंत यायची. तू मागं वळून मले वेडावून दाखवायचा. आठवते? मी तेव्हाच ठरवलं होतं. मले दुसरी नकोच होती रे. तुझी पाहिजे होती."

तेवढ्यात पाणी फुटलं. रॉड वाकला, दोरी बुंध्याकडे खेचली जाऊ लागली आणि तिनं दात ओठ खात हँडल फिरवलं. मरळ मोठी होती, माझ्या दोन्हीपेक्षा मोठी. नावेच्या कडेला आली तसं ताईनं दोन्ही हातांनी रॉड धरून मला हुकूम सोडला.

"पाहून काय राहिला? जाळी धर."

मी जाळी धरली.