खळीचं कापड

आप्पांचा माग बंद पडला आणि आई दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. शहापुरातल्या आमच्या गल्लीत घराघरांतून माग वाजायचे, आमचंच घर गप्प. लढाईचे दिवस, सुताची टंचाई, त्यात आप्पांच्या आतड्यात गाठ. मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घराण्यात पहिलाच. दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोललो तो मीच. गाठ काढली, पण मळ बाहेर पडायला पोटावर डाव्या अंगाला भोक ठेवलं.

"हे बुजणार कवा?" आप्पांनी विचारलं.

"कधीच नाही," मी म्हणालो. गुळमुळीत बोलायची रीत आमच्यात नव्हती.

त्या भोकावर कापडाची घडी ठेवायची आणि वरून पट्टा आवळायचा. आईनं त्यासाठी आप्पांनीच विणलेलं कोरं कापड फाडलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या बायकांच्या विटाळाला. त्या घरधन्याच्या पोटाला लावणं तिला पटेना. पण कोरं कापड ओल पीत नव्हतं. मळ कडेनं झिरपायचा. भोवतालची कातडी आधी लाल झाली, मग सोलली, मग तिच्यातून पाणी यायला लागलं. आई पुसायला बसली की आप्पा भिंतीकडं तोंड करायचे. स्वतःच्या पोटाला त्यांनी हात म्हणून लावला नाही.

तशातच ते एकदा मागावर बसले. विणलेलं कापड गुंडाळायचं लाकूड पोटाला घासलं, घडी सरकली आणि साडीवर डाग पडला.

शेजारचा विणकर म्हणाला, "आप्पा, तुझी साडी आता गिऱ्हाईक नाकानंच वळखंल."

आप्पा हसले. त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा त्यांचा हिशोब. माग दूरच राहिला, माणूसच वाळत चालला.

एके दिवशी घरात कुणी नसताना घडी भिजली. ती त्यांना स्वतःच काढावी लागली. आई आणि मी परतलो तर ते नव्या घडीचं कापड दोन बोटांत चोळत बसले होते, माल पारखायला चोळायचे तसं.

"ह्यात सुताला दिलेली खळ हाय की गं. भिजली की चिकटती, वाळली की खरवडती. तुझं इरलेलं लुगडं आण."

"अवं, बाईचं नेसणं ते."

"असू दे. वास तर माझाच येणार हाय न्हवं?"

धुऊन धुऊन खळ निघालेलं, मऊ झालेलं ते लुगडं ओल पिऊ लागलं. कातडी कोरडी करून दवाखान्यातलं जस्ताचं मलम लावलं की ते आता टिकायचं. आग हळूहळू कमी झाली, पुरती कधीच गेली नाही. आप्पा भाकरी खाऊ लागले. बुडाखाली वाकळ घेऊन मागावर उंच बसू लागले, म्हणजे लाकूड भोकाच्या खाली यायचं.

पुढं गाठ परत आली आणि आप्पा तिच्यातच गेले. त्याआधी त्यांनी एक अख्खी साडी विणली. मी ती दारातल्या उजेडात पदरापर्यंत उलगडून पाहिली. तिच्यावर डाग नव्हता.